लंबकाच्या छातीवरचा शिक्का

कागदावरची आकृती कापडावर उतरवायची असेल तर तिच्यावरून दातेरी चाक फिरवतात. कापडावर खूण उमटते. कागदाला ओळीने भोके पडतात.

लिफ्टच्या रुळांना लावायचे ग्रीस साबणाने जात नाही.

चष्मा घालून खिडकीसमोर बसलेल्या माणसाच्या काचेत खिडकी दिसते. ती सरळ दिसत नाही, फुगलेली दिसते.

कारकुनाच्या कचेरीत पत्र नेहमी कागदाच्या एकाच बाजूला असते. बावीस वर्षांत मागच्या बाजूला एकदाही काही निघालेले नाही.

लंबक अकरा सेकंद मागे जाऊ शकतो. बारा नाही.

*

यातला लंबक तेवढा खोटा, चित्रकथेतला. एरवी घड्याळे दुरुस्त करतो, वेळ आली की करडा, अंगाला चिकटलेला पोशाख चढवून शहर वाचवतो. छातीवर पितळी तबकडी आहे. ती फिरवली की नुकतेच घडलेले सगळे अकरा सेकंदांपुरते न घडलेले होते.

बाकीचे खरे. चष्मेवाले खरे, शिवणवाल्या मावशी खऱ्या, लिफ्टवाला मिस्त्री खरा, कारकून तर फारच खरा. या चौघांचे मिळून चित्रकथा रसिक मंडळ होते आणि त्याला अकरा वर्षे झाली होती. पूर्वी पाच जण होते. पाचवा एकदा बोलण्याच्या ओघात म्हणाला की हे सगळे लहान मुलांसाठी असते. त्याचे नाव त्याच बैठकीत कमी करण्यात आले.

चष्मेवाले अध्यक्ष. त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानामागच्या, डोळे तपासायच्या खोलीत दर रविवारी चार वाजता बैठक. कारकून सचिव. त्याने इतिवृत्त लिहायचे. अकरा वर्षांच्या इतिवृत्तांत अध्यक्षांची रंगांवरची मते आहेत, मावशींची पोशाखांवरची आहेत, आणि 'असा पूल असा पडत नाही' हे मिस्त्रीचे मत तर पानोपानी आहे. सचिवाचे म्हणून एकच वाक्य आहे, ते प्रत्येक बैठकीच्या शेवटी येते: सचिवांनी आभार मानले.

या काळात कारकुनाने चित्रकारांना आणि प्रकाशकांना त्रेचाळीस पत्रे लिहिली होती. आमच्या मंडळात या, आम्ही नीट वाचतो. एकाचेही उत्तर आले नव्हते. चव्वेचाळिसाव्याचे आले, शनिवारी संध्याकाळी, जाड पाकिटातून. आत एक चित्रकथेचा अंक आणि हाताने लिहिलेले पत्र.

'तुमचं पत्र मिळालं. माझ्या नव्या चित्रकथेचा, लंबकचा, पहिला अंक सोबत आहे. सोमवारी सकाळी तो छापायला जातो. रविवारी पाच वाजता मी स्वतः येते. तोवर सगळ्यांनी वाचून ठेवावा.'

कारकुनाने पत्र उभ्याने दोनदा वाचले, बसून एकदा. मग त्यावर मंडळाचा आवक शिक्का मारला, क्रमांक चोपन्न, दोन भोके पाडली आणि ते फायलीत लावले. आणि निष्कर्ष काढला. अंक सोमवारी छापायला जाणार, बाई रविवारी येणार. म्हणजे हीच छापायची प्रत. हिच्यावर जे असेल ते हजारो प्रतींवर असणार.

"मग कपाटात ठेवा आणि उद्या तशीच परत द्या," बायको म्हणाली.

"वाचायला पाठवलीय."

"मग हात धुऊन वाचा."

"चौघांनी वाचायचीय. आणि चोवीस तासही नाहीत."

"मोबाईलवर फोटो काढून पाठवा की सगळ्यांना."

कारकुनाने तिच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिले. मोबाईलवर चित्र बघणे म्हणजे काचेच्या बाहेरून चहा पिणे, असे अध्यक्ष म्हणत. ते इतिवृत्तात होते.

*

कारकुनाने जी युक्ती काढली ती कारकुनालाच सुचू शकते.

अंक बत्तीस पानांचा. मध्ये दोन पिना. पिना काढल्या की आठ मोठे कागद सुटे होतात, प्रत्येकावर चार पाने. पहिल्या कागदावर पहिले पान, दुसरे, एकतिसावे आणि बत्तिसावे. आठव्यावर पंधरा ते अठरा. प्रत्येकाला दोन कागद द्यायचे, ठरलेल्या वेळी ते पुढच्याकडे सरकवायचे. चार फेऱ्यांत सगळ्यांचे सगळे वाचून होते. क्रमाने नव्हे, पण होते. कोणता कागद कोणाकडे, किती वाजता गेला, याची नोंद वहीत, सहीसकट. कचेरीत फायली अशाच फिरतात आणि आजवर एकही हरवलेली नाही. सापडलेल्याही फारशा नाहीत, पण ते वेगळे.

पिना काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कागदाला कळलेही नाही. अंक मध्यावर उघडलेला, म्हणून सगळ्यात वर आठवा कागद: सोळा आणि सतरा या दोन्ही पानांवर पसरलेले एकच चित्र. घड्याळाच्या मनोऱ्यावरून लंबक झोका घेतो आहे, खाली छपरांचा समुद्र, आणि एकेका छपराचे कौल न् कौल काढलेले. बाईंनी यावर महिना तरी घालवला असेल.

समोर कागदांची चळत. डावीकडे उघडी वही. उजवीकडे शाईची डबी आणि शिक्का. बावीस वर्षांत या मांडणीचा एकच अर्थ होता. कारकून चित्र पाहत होता. हात पाहत नव्हता.

धप्प.

आवक. क्रमांक पंचावन्न. हाताने आकडासुद्धा पुढे सरकवला होता.

"काय झालं?" बायकोने आतून विचारले.

"काही नाही."

"काही नसलं की तुम्ही बसलेले असता. उभे का आहात?"

ती बाहेर आली. दोघांनी मिळून लंबकाच्या छातीकडे पाहिले.

"सरळ मारलाय पण," ती म्हणाली. "एकदम सरळ."

कारकुनाने खोडरबर घेतले. जांभळी शाई तबकडीवरून निघाली आणि गळ्यापर्यंत गेली. त्याने ओले फडके घेतले. ती कानापर्यंत गेली.

"तो किती सेकंद मागे जातो म्हणालात?"

"अकरा."

"मग फडकं घ्यायच्या आधी मला विचारायचं होतं. आता नाही पुरायचे."

आठवा कागद गादीखाली गेला. अकरा वर्षे वाट पाहून एक चित्रकार मंडळात येणार होती, आणि तिच्या सगळ्यात सुंदर पानाला सचिवाने आवक करून घेतले होते. कारकून बाकीचे कागद घेऊन सायकलवर बसला. मावशींना पहिला आणि दुसरा, अध्यक्षांना तिसरा आणि चौथा, मिस्त्रीला पाचवा आणि सहावा. सातवा-आठवा माझ्याकडे, असे त्याने सगळ्यांना सांगितले. ते खोटे नव्हते.

"छापायची प्रत आहे," असेही त्याने प्रत्येकाला बजावले. "हिच्यावर डाग म्हणजे प्रत्येक प्रतीवर डाग."

"आम्ही काय आज वाचतोय का?" अध्यक्ष म्हणाले.

*

रविवार, सकाळी नऊ. मावशींकडून मिळाले: कागद पहिला व दुसरा. सही आहे.

प्रत्यक्षात मिळाला: पहिला.

"दुसरा?" कारकुनाने दारातूनच विचारले.

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून काढल्या. त्याला बराच वेळ लागला.

"दुसरा परत वाचीन म्हणते. मन नाही भरलं."

"पण फेरी..."

"तुमच्याकडून मला सातवा-आठवा यायचाय ना? हा तर एकच दिसतोय."

कारकुनाने वही उघडली. मग म्हणाला, "आठवा मीही परत वाचतोय."

"मन नसेल भरलं."

"नाही."

"मग सही कुठे करू?"

सव्वानऊ. अध्यक्षांनी तिसरा कागद पातळ कागदात गुंडाळून दिला.

"चौथा तपासतोय अजून."

"तपासताय?"

"वाचतोय म्हटलं. मावशींकडून एकच आला का? असू दे, असू दे."

हा माणूस एका इतिवृत्तातल्या स्वल्पविरामासाठी चाळीस मिनिटे बैठक अडवून बसला होता. तो आज असू दे म्हणाला.

साडेनऊ. मिस्त्री एका उंच इमारतीच्या खाली उभा होता. पाचवा कागद त्याने फडक्याने, दोन बोटांत धरून दिला.

"सहावा वर राहिला."

"वर कुठे?"

"लिफ्टच्या मशीनच्या खोलीत."

"मी आणतो जाऊन."

"नऊ मजले आहेत. लिफ्ट बंद आहे."

"चालू कधी होणार?"

"मी वर गेलो की."

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. कोणी वर गेले नाही. सही झाली.

दुपारी बाराच्या आणि अडीचच्या फेरीलाही तसेच. वहीत आठ कागद फिरत होते, सायकलवर चार. कारकुनाने आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली, मग दुसऱ्यांदा, मग त्याला मोजवेना. त्याला मनापासून वाटत होते की लोकांना अंक इतका आवडला आहे की हातून सुटत नाही. एवढे प्रेम, आणि आपण त्याच्या छातीवर शिक्का मारून बसलो.

*

मावशींकडे काय झाले होते ते इथेच सांगून टाकलेले बरे. तिसऱ्या पानावर लंबक पूर्ण उभा आहे, डोक्यापासून टाचेपर्यंत. मावशींना तीन मिनिटांत कळले की हा पोशाख माणसाला घालता येणे शक्य नाही. खात्री करावी म्हणून त्यांनी खाली कापड घेतले आणि दातेरी चाक फिरवले. गळ्यापासून सुरुवात केली. भानावर आल्या तेव्हा डावा बूट चालू होता.

अध्यक्षांच्या चौथ्या कागदावर खलनायक होता. चष्मा लावून खिडकीसमोर बसलेला. काचेतली खिडकी सरळ. भिंगावर खूण करायचे बारीक काळे पेन खिशातच होते. एकाच चौकटीत दुरुस्ती करायची असे अध्यक्षांनी ठरवले होते. पण एक बरोबर झाल्यावर शेजारची फारच चुकीची दिसू लागली. एकूण नऊ झाल्या.

मिस्त्रीच्या सहाव्या कागदावर लिफ्ट कोसळत होती. तो कागद घेऊन तो मशीनच्या खोलीत गेला आणि खऱ्या यंत्राशेजारी धरून काय काय राहिले आहे ते बोटाने दाखवू लागला. कोणाला, ते त्यालाही सांगता आले नसते. बोटाला ग्रीस होते.

*

चार वाजता बैठक सुरू झाली. चौघांच्याही मांडीवर पिशव्या होत्या. कारकुनाच्या पिशवीत फक्त पहिला कागद होता. आठवा कागद त्याच्या शर्टाच्या आत, पोटाशी होता. तो हलला की कागद वाजत असे, म्हणून तो हलत नव्हता. बाकीचे मात्र सारखे हलत होते.

"एकूण रंगांबद्दल बोलायचं तर," अध्यक्ष म्हणाले, "करड्याचे इतके प्रकार मी आजवर बघितले नाहीत."

"आणि ते सोळा-सतरावरचं चित्र," मिस्त्री म्हणाला.

"सोळा-सतरा म्हणजे कळस."

"मी तर बघतच बसले," मावशी म्हणाल्या.

कारकुनाचे लिहिणे थांबले. मधल्या दोन पानांवर मोठे चित्र असते, हे कोणताही रसिक न बघता सांगू शकतो. पण हे चित्र या खोलीत त्याच्याशिवाय कोणी पाहिले नव्हते.

"काय आवडलं नेमकं?" त्याने विचारले. अकरा वर्षांतला हा त्याचा पहिला प्रश्न होता. सगळ्यांनी दचकून त्याच्याकडे पाहिले.

"भव्यता," अध्यक्ष म्हणाले.

"एकूणच," मिस्त्री म्हणाला.

"हात," मावशी म्हणाल्या. हात सगळ्याच चित्रांत असतात.

कारकुनाने तिन्ही मते लिहून घेतली.

"आणि लिफ्टचा प्रसंग?" मावशींनी विषय आपल्यापासून लांब ढकलला. "दहाव्या पानावर दोर तुटतो, तेविसाव्यावर लंबक फाटक्या बाहीने बाहेर. मधलं कसं वाटलं, मिस्त्री?"

"चांगलंय."

"चांगलंय? मागच्या महिन्यात एका गोष्टीत नुसती शिडी होती, तर पाऊण तास बोललात."

"शिडी चुकीची लावलेली होती."

"आणि लिफ्ट बरोबर आहे?"

 मिस्त्रीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. "खलनायकाबद्दल बोला की. अध्यक्ष, कसा वाटला?"

"कोणता?"

"एकच आहे. चष्मा लावतो तो."

"हां. तो." अध्यक्षांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. "चष्मा आहे त्याला."

"बस?"

"बसतो नीट चेहऱ्यावर."

चार पस्तीस झाले. अध्यक्षांनी घसा साफ केला. "बाई येतील. अंक जोडून ठेवायला हवा. कागद काढा सगळ्यांनी."

टेबलावर कागद आले. पहिला. तिसरा. पाचवा. सातवा.

"चारच कसे काय?" अध्यक्ष म्हणाले, आणि उत्तर नको असल्यासारखे भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहू लागले. मग मिस्त्रीही पाहू लागला. मावशीही. तक्त्यावरची सगळ्यात खालची, कोणालाच न दिसणारी ओळ तिघे मन लावून वाचत होते.

कारकुनाने शर्टाची दोन बटणे सोडली.

"सचिव," अध्यक्ष म्हणाले.

त्याने आठवा कागद काढून टेबलावर पसरला. तो पोटाच्या आकाराचा झाला होता. शाई आता लंबकाच्या छातीवर, गळ्यावर, कानावर आणि थोडी कारकुनाच्या बनियनवर होती.



"सरळ मारलाय," मिस्त्री म्हणाला.

"माझ्यामुळे मंडळाचं नाव जाणार," कारकून म्हणाला. "अकरा वर्षांत एक माणूस आपल्याकडे यायला निघाला. मीच जाऊन सांगतो त्यांना, खाली रस्त्यावरच गाठतो. तुमचं काही नाव येऊ देत नाही. वही पण सगळी खोटी आहे."

मावशींनी पिशवीत हात घातला. "थांबा जरा. रस्त्यावर कोणी जायचं नाही," असे म्हणत त्यांनी दुसरा कागद टेबलावर ठेवला. मिस्त्रीने सहावा ठेवला. अध्यक्षांना सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण त्यांचा कागद कुलूपबंद खणात होता आणि किल्लीचा जुडगा मोठा होता.

"तुम्ही मला म्हणालात ना, आम्ही काय आज वाचतोय का," कारकून म्हणाला.

"नऊच चौकटी आहेत," अध्यक्ष म्हणाले.

मग सगळे एकदम बोलू लागले. कोणामुळे काय झाले, नोंदवहीची कल्पना कोणाची, कोणी आधी सांगायला हवे होते. पण टेबलावर आता आठ कागद होते आणि समोर चार रसिक. मिस्त्री रागारागाने बोलता बोलता सोळाव्या पानावर वाकला आणि भांडण विसरला.

"कौलं बघा," तो म्हणाला.

"मी कालपासून तेच सांगणार होतो."

"मावशी, हात खरंच चांगलेत हो."

"म्हटलं ना मी."

"चौथ्या पानावर तो तबकडी फिरवतो आणि एकोणतिसाव्यावर तीच चौकट उलटी येते, पाहिलंत का? हे तुमच्या कागदावर होतं, मावशी. आम्हाला कळणार कसं?"

दहा मिनिटे खरी चर्चा झाली. या मंडळाच्या इतिहासातली बहुधा सगळ्यात चांगली, आणि तिची एक ओळही लिहिलेली नाही, कारण सचिवही बोलत होता. मध्येच अध्यक्षांनी भिंग पुसायचा फवारा आणला. मिस्त्रीने त्यांचा हात धरून ठेवला. पिना मारायच्या तर यंत्र छोटे, कागदाच्या मध्यापर्यंत पोचेना. शेवटी मावशींनी सुईत दोरा ओवला.

त्या तिसरा टाका घालत होत्या तेव्हा दार वाजले.

*

चित्रकार बाई बसल्या नाहीत. हातात किल्ल्या, खांद्यावर पिशवी. त्यांना दोन वेळा खुर्ची दाखवली, दोन्ही वेळा त्यांनी खुर्चीवर पिशवी ठेवली आणि परत उचलली.

"वाचलात?"

चौघांनी माना हलवल्या. मावशींनी दोरा दाताने तोडला, सुई काढून घेतली आणि अंक पुढे केला.

बाईंनी पहिले पान उलटले. तिसऱ्यावर त्या थांबल्या. पान उचलून दिव्यासमोर धरले. भोकाभोकांतून उजेड आला आणि खोलीच्या भिंतीवर ठिपक्यांचा एक लंबक उभा राहिला.

"हे कोणी?"

"मी," मावशी म्हणाल्या. मग केले तर केले, अशा थाटात: "बाई, हा पोशाख याने चढवला कुठून? बटण नाही, बंद नाही, चेन नाही. गळा एवढासा. डोकंच आत जायचं नाही. मी चाक फिरवून बघितलं."

बाईंनी पान उलटले.

"आणि हे?"

"काचेत खिडकी फुगीर दिसते," अध्यक्ष भिंतीकडे बघून म्हणाले. "सरळ दिसली तर ती चष्म्याची काच नव्हे, दुकानाची."

पान उलटले. काळे बोट उमटले होते, एक नव्हे, सहा-सात.

"दोर तुटला म्हणून लिफ्ट पडत नाही," मिस्त्री म्हणाला. "रुळाला आवळणारे जबडे असतात. ते तुम्ही काढलेच नाहीत. पाडायचीच असेल तर आधी ते बिघडवायला पाहिजेत. त्या चष्मेवाल्याला तेवढंच काम मिळेल, नाहीतरी अंकभर नुसता बसलाय."

बाईंनी सोळा-सतरा उघडले. त्या सगळ्यात जास्त वेळ तिथे थांबल्या. कारकुनाच्या कानात धप्प आवाज पुन्हा झाला.

"याचा अर्थ काय घ्यायचा?"

"अर्थ नाही," कारकून म्हणाला. "हात गेला."

"बरं."

"नाही, म्हणजे." त्याला स्वतःलाही कळले नाही की तो पुढे बोलतो आहे. "शनिवार संध्याकाळपासून मी एकच विचार करतोय. याच्याकडे अकरा सेकंद आहेत. बत्तीस पानांत तो ते सात वेळा वापरतो. पूल, लिफ्ट, स्फोट. पण याच्या हातून कधी काही सांडत नाही. घरात कोणाला भलतंच काही बोलून जात नाही. मला तसं काही असतं ना बाई, तर शहर राहू दे. मी आधी..." त्याने शिक्क्याकडे बोट दाखवले. "कोणीही आधी स्वतःचंच काहीतरी मागे घेईल. तेवढं एकदा दाखवलंत, तर मग तो शहर वाचवतो त्याचं मला कौतुक वाटेल."

बाईंनी अध्यक्षांच्या खिशातले पेन न विचारता घेतले, पाचव्या पानाच्या कडेला काहीतरी लिहिले आणि अंक बंद केला.

"इतकं आजवर कोणी केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

चौघांनी खाली पाहिले.

"आज रात्रभर बसावं लागणार मला."

माना आणखी खाली गेल्या.

"छपाई थोडी पुढे..." कारकुनाने जेमतेम विचारले.

"छे. उद्या सकाळी म्हणजे उद्या सकाळी." आणि त्या गेल्याही. जिन्यावर त्यांची पावले दोन-दोन पायऱ्या उतरल्यासारखी वाजली.

त्या दिवशीच्या इतिवृत्ताच्या शेवटी कारकुनाने नेहमीचे वाक्य लिहायला घेतले. मग ते खोडून दुसरे लिहिले: सचिवांनी मत मांडले.

*

तीन आठवडे कोणाला चैन पडले नाही. मिस्त्री रोज दुकानात डोकावून जाई. मावशींनी दोनदा भलत्याच मापाचे कपडे शिवले. कारकून झोपेत आकडे पुढे सरकवत होता.

मग छापील अंक आला. चार प्रती, चौघांच्या चार. अध्यक्षांनी दुकान भरदुपारी बंद केले.

लंबकाच्या पोशाखाला काखेखालून कमरेपर्यंत हुकांची ओळ आली होती. काचेतली खिडकी नऊ ठिकाणी फुगली होती. खलनायक उठून उभा राहिला होता आणि लिफ्टचे जबडे बिघडवत होता. पाचव्या पानावर तीन नव्या चौकटी होत्या. लंबक घरी, बायकोला तोडून काहीतरी बोलतो. तिचा चेहरा. मग तबकडीवरचा हात, आणि बायको पुन्हा आधीसारखी कप विसळताना. तो काहीच बोलत नाही.

कारकुनाने ते पान घरी बायकोला दाखवले. तिने ते दोनदा पाहिले आणि त्याला चहा करून दिला.

बैठकीत मात्र चर्चा वेगळ्याच गोष्टीवर झाली.

"शिक्का काढला कसा?" अध्यक्ष सोळाव्या पानावर भिंग धरून म्हणाले. "माझ्या फवाऱ्याने निघाला नसता. इथे, गळ्याशी, किंचित जांभळट आहे बघा."

"सावली आहे ती."

"सावली जांभळी?"

"संध्याकाळची असते."

"शिक्क्याचं सोडा, माझी भोकं कशी बुजवली ते सांगा," मावशी म्हणाल्या. "एवढी बारीक रफू मला येत नाही."

"आणि ग्रीस," मिस्त्री हळूच म्हणाला. "ग्रीस जात नाही. मी पंचवीस वर्षं बघतोय."

दोन तास झाले तरी एकमत होईना. शेवटी हे तंत्र नेमके कोणते, हे सचिवांनी चित्रकार बाईंना पत्र लिहून विचारावे, असे सर्वानुमते ठरले.

चोपन्न क्रमांकाच्या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिले होते: 'छपाईची प्रत माझ्याकडे आहे. ही फक्त खुणा करण्यासाठी. हिच्यावर हवं ते लिहा, कापा, फाडा, पण कोरी परत देऊ नका.'